आधी माफी माग!

वर्गात एखाद्या पोराचा तोल सुटतो. तो बेंच आडवा करतो, डबा भिंतीवर फेकतो किंवा सरांच्या तोंडावर शिवी हासडतो. त्यानंतर आमच्या शाळांत जे नाट्य सुरू होतं त्याची संहिता कुणी लिहिलेली नाही, तरी प्रत्येक पात्राला संवाद पाठ आहेत. ‘आवाज खाली!’ ‘कुणाशी बोलतोयस, कळतंय का?’ ‘डोळे काय वटारतोस?’ पोराने मान खाली घातली की लगेच, ‘खाली काय बघतोस, माझ्याकडे बघून बोल!’ मग शेजारच्या वर्गातून दोन सर येतात, त्यांच्यामागून पर्यवेक्षक, दारात शिपाई, खिडक्यांना दुसऱ्या तुकडीतली डोकी. आणि या सगळ्या गलक्यात सर्वांत मोठा आवाज, ‘ते काही नाही, आधी माफी माग!’

ही माफी कुणाला हवी असते? पोराचे हात थरथरतायत, नाकपुड्या फुललेल्या, त्याला आपण काय बोललो हेही धड आठवणार नाही. त्याला त्या घटकेला चूक उमगावी अशी अपेक्षा फक्त दोन प्रकारची माणसं करू शकतात: ज्यांनी आयुष्यात मूल पाहिलं नाही ती, आणि आम्ही शिक्षक. माफी सरांना हवी असते. वर्गासमोर गेलेली पत त्यांना परत हवी असते, व्याजासकट आणि आत्ताच्या आत्ता.

मी तालुक्याच्या गावात, एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं बसून माझं मत पक्कं झालंय आणि ते मी गुळमुळीत करून सांगणार नाही. मुलाचा भडका बऱ्याचदा आपसूक विझणारा असतो. त्याचा राडा करतात मोठी माणसं. वर त्याचा अहवाल लिहितात तीच मोठी माणसं, त्यामुळे कागदावर राडा कायम मुलाच्या नावावर चढतो.

आमच्याच शाळेतलं सांगते. आठवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास. एक मुलगा तास सुरू झाल्यापासून मान खाली घालून करकटकाने बेंचचा सनमायका कोरत होता. वही उघडली नव्हती, दप्तर मांडीवर घट्ट धरलेलं. शेजारच्याने गंमत म्हणून दप्तर ओढलं आणि हा करकटक मुठीत धरून उभा राहिला. वर्गावर होत्या शिक्षणसेवक बाई, नोकरीला वर्ष झालेलं नसेल. त्या पुढे धावल्या नाहीत. रोज ‘वह्या काढा’ म्हणतात त्याच आवाजात म्हणाल्या, ‘सगळे मागच्या दाराने मैदानात. दप्तरं राहू द्या.’ दारातल्या मुलीला माझ्या वर्गाकडे पाठवलं. मी पोचले तेव्हा वर्ग रिकामा होता. बाई फळ्याजवळ, त्याच्यापासून तीन-चार हात लांब, जराशा तिरक्या उभ्या, हात मोकळे, आणि पुढचं दार सताड उघडं, त्याच्या आणि दाराच्या मध्ये कुणी नाही. त्याने त्यांना जी शिवी दिली ती मी इथे लिहू शकत नाही. बाईंनी ती ऐकलीच नाही असं केलं. एकदा त्याचं नाव घेतलं. ‘मी इथेच आहे,’ म्हणाल्या, आणि गप्प राहिल्या. गप्प म्हणजे गप्प, आमच्या पेशात अत्यंत दुर्मिळ अशी गोष्ट. थोड्या वेळाने तो बेंचवर बसला. करकटक बेंचवर ठेवलं. डोकं हातांत.

इथे प्रकरण संपलं होतं. पण आमच्या शाळेत प्रकरण वरिष्ठांनी संपवावं लागतं. जिन्यावरून क्रीडाशिक्षक आले, सोबत आणखी दोघं. ‘बाई, तुम्ही बाजूला व्हा.’ बाई म्हणाल्या, ‘सर, दोन मिनिटं थांबा.’ दोन मिनिटं! सरांनी त्याची कॉलर धरली. मग काच फुटली, सरांच्या मनगटावर ओरखडा उठला, मुलाच्या शर्टाची बटणं गेली आणि तो ओरडत व्हरांडाभर फरपटला गेला. अहवालात एकच वाक्य: ‘विद्यार्थ्याने शिक्षकांवर हल्ला केला.’ आणि बाईंना दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारं पत्र. वर्ग पूर्वपरवानगीशिवाय वर्गखोलीबाहेर का नेला? दरमहा अठरा हजार मानधनाच्या बाईने बिनरक्ताचा आणि बिनकाचेचा उपाय काढला, हा खरा अपराध. तो कोणत्या कलमात बसवायचा हे न सुचल्यामुळे परवानगीचं कलम काढलं.

त्या मुलाचा पुढचा तास ऑफिसात गेला. तिथे आमच्या व्यवस्थेने शोधून काढलेली एक खास युक्ती पाहायला मिळते. शिक्षणहक्क कायदा २००९चा; त्याच्या कलम १७ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्ही गोष्टींना बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. म्हणजे आपण हात उचलायचा नाही. मग आपण काय करतो? बापाला बोलावतो. बाप रोजगार बुडवून, उन्हातून, कपड्यांवर सिमेंट तसंच घेऊन येतो. त्याला उभं ठेवून त्याच्या पोराचे गुण ऐकवले जातात, मधूनमधून ‘घरी काही वळण आहे की नाही’ हा प्रश्न फेकला जातो. दहा माणसांसमोर लाज काढलेल्या बापाकडे मग करण्यासारखं एकच उरतं. तो मुलाच्या कानफटात मारतो. दुसरी चपराक बसेपर्यंत कुणी हलत नाही. तिसरीला मुख्याध्यापक खुर्चीतून अर्धे उठतात, ‘अहो, मारू नका हो, कायदा आहे.’ कलम १७ शाबूत, शिक्षा पार पडली, हात कुणाचे खराब झाले नाहीत. नंतर लेखनिक माफीनामा सांगतात, मुलगा लिहितो, ‘पुन्हा असे केल्यास शाळा देईल ती शिक्षा मला मान्य राहील’, आणि खाली बापाचा अंगठा किंवा सही. वर्गात बसलेल्या बाकीच्या पोरांना आपण नागरिकशास्त्र शिकवतो.

गंमत अशी की या सगळ्यामागचं विज्ञान आम्हीच शिकवतो. अधिवृक्क ग्रंथी, ॲड्रेनॅलिन, ‘संकटसमयी शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करते’, उत्तरपत्रिकेत हे वाक्य असलं की मी पूर्ण गुण देते. ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठतात, आणि विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग मागे पडतो. अशा मुलाला लांबलचक वाक्यं कळत नाहीत, उपदेश तर नाहीच नाही. त्याला कळतो चेहरा, आवाजाची पट्टी, आपण किती जवळ आलो आणि दार कुठे आहे. लढ किंवा पळ म्हणणाऱ्या शरीराची पळायची वाट आपण देह आडवा घालून बंद करतो, आणि त्याने दुसरा पर्याय निवडला की आश्चर्यचकित होतो. ‘बघा, अंगावर येतो!’ येणारच. तुम्हीच दुसरा रस्ता ठेवला नाहीत.

ऑरेगन विद्यापीठातल्या जेफ कोल्विन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सहकाऱ्यांसह या उद्रेकाचा आलेख मांडला. सात टप्पे: शांत, ठिणगी, चलबिचल, चढ, कळस, उतार, सावरणं. मला हा आलेख आवडतो, कारण तो शिक्षकाला अत्यंत गैरसोयीची गोष्ट सांगतो. कळसाला तुम्ही फारसं काही करू शकत नाही. बाकीच्यांना सुरक्षित ठेवायचं आणि थांबायचं. जे करायचं ते चलबिचलीच्या टप्प्यावर. म्हणजे मुलगा सनमायका कोरत असतो तेव्हा. तिसऱ्यांदा ‘पाणी प्यायला जाऊ?’ विचारतो तेव्हा. ‘कळतंय बाहेर कशाला जायचंय ते, बस खाली!’ असं आपण म्हणतो तेव्हा. तो जायला मागत होता कारण त्याच्या अंगाला कळलं होतं की इथे बसलो तर काहीतरी होईल. त्याला जाऊ दिलं असतं, खडू आणायला पाठवलं असतं, हजेरीपुस्तक ऑफिसात नेऊन द्यायला सांगितलं असतं, तर आलेख तिथेच वळला असता. पण खडू आणायला आम्ही शहाण्या मुलांनाच पाठवतो. तो मान आहे ना!

आणि उताराचा टप्पा तर आम्ही हमखास नासवतो. मूल थकतं, रडतं, कुणाला झोप येते, कुणाला नुसती तहान लागते. ऐन तेव्हा आम्ही सरसावतो, ‘आता बोल! मघाशी फार बोलत होतास ना!’ शरीर अजून निवलेलं नसतं. अर्ध्या तासात दुसरा भडका उडतो, पहिल्यापेक्षा मोठा, आणि स्टाफरूममध्ये निकाल लागतो, ‘पोरगं सुधारण्यातलं नाहीच.’

मग शिक्षाच नको का, असं विचारणारे सर्वत्र असतात, त्यांना आत्ताच उत्तर देते, म्हणजे पुढे अडवायला नकोत. काच फुटली तर ती बसवताना त्याने उभं राहावं, शेजाऱ्याला लागलं असेल तर त्याच्याशी बोलावं, वर्गात परत कसं यायचं हे ठरवावं. उद्या. डोकं ठिकाणावर असताना. उद्याची गोष्ट आज करण्याची घाई मुलाच्या सुधारणेसाठी नसते, आपला पारा चढलेला असतो म्हणून असते. आमचीही अधिवृक्क ग्रंथी असते, आणि तिच्याबद्दल पाठ्यपुस्तकात गुण नाहीत.

आता प्रशिक्षणाचं. आमच्या राज्यातल्या शिक्षकाइतका प्रशिक्षित प्राणी पृथ्वीवर नसेल. यूडायसची माहिती कशी भरायची, खिचडीचं चव रजिस्टर कसं ठेवायचं, मतदार यादीत नाव कसं चढवायचं, फोटो कोणत्या ॲपवर कोणत्या मापात टाकायचा, सगळ्याचं प्रशिक्षण होतं. त्या प्रशिक्षणाचेही फोटो टाकायचे असतात. पण समोर मुलगा करकटक घेऊन उभा राहिला तर पाय कुठे ठेवायचा, हे नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला कुणी शिकवलं नाही. बीएडला मानसशास्त्र होतं, नाही असं नाही. पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि त्याची लाळ, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर. एवढी जनावरं झाली, मूल काही आलं नाही. टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, दीडशेपैकी तीस गुण बालमानसशास्त्राला आहेत, चार पर्यायांतून एक निवडायचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला निकाल दिला आणि पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणं बंधनकारक झालं. आता पन्नाशीचे सर रात्री पियाजेच्या अवस्था पाठ करतात आणि सकाळी वर्गात जाऊन कॉलर धरतात. दोन्हींत त्यांना काही विसंगती वाटत नाही, आणि त्यात एकट्या त्यांचा दोष नाही.

हे शिकवता येत नाही असंही नाही. अमेरिकेत मिलवॉकीला क्रायसिस प्रिव्हेन्शन इन्स्टिट्यूट ही संस्था १९८० पासून नेमकं एवढंच शिकवते: शाळेच्या, इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांना, की भडकलेल्या माणसासमोर कसं उभं राहायचं, किती अंतरावर, किती शब्दांत बोलायचं, कधी मागे सरकायचं. तालमी घेऊन शिकवते. आमच्याकडे या विषयावरचं एकमेव मौखिक वाङ्मय म्हणजे ‘आमच्या वेळी एक कानाखाली बसली की सात दिवस गाल आठवायचा.’ ज्यांनी कानाखाली बसल्यावर शाळाच सोडली ते हे वाक्य म्हणायला स्टाफरूममध्ये नसतात.

माझे सहकारी म्हणतात, कायद्याने आमचे हात बांधले. त्यांच्या तक्रारीत अर्धं सत्य आहे आणि मी ते मान्य करते. छडी काढून घेतली ते शंभर टक्के योग्य केलं. पण रिकाम्या झालेल्या हातात काहीच दिलं नाही. सरकारचा समज असा की बंदीचं परिपत्रक हेच प्रशिक्षण. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. रजा, प्रशिक्षण आणि निवडणुकीच्या कामाने दोन वर्ग एकत्र बसवले की पस्तीसाचे सत्तर होतात आणि त्या सत्तरांत कोण सनमायका कोरतोय हे कुणाला दिसणार? पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीतला पोरगा, जो सकाळी चहा-खारीवर आलाय, तो शिजलेल्या खिचडीच्या वासात रिकाम्या पोटी बसतो आणि आम्ही त्याच्या चिडचिडीची नोंद ‘वर्तन असमाधानकारक’ अशी करतो.

शहरातल्या कार्यशाळावाल्यांबद्दलही थोडं. ते वातानुकूलित सभागृहात डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, ‘मुलाच्या भावनांना स्पेस द्या’ म्हणतात. ताई, स्पेस कुठून देऊ? वर्गात दोन बेंचांमधून आडवं होऊन जावं लागतं. आणि भडकलेल्या मुलाला ‘शांत हो, श्वास घे’ म्हणणं हे त्याला ‘माफी माग’ म्हणण्याचं सभ्य भावंड आहे. त्या क्षणी तोही हुकूमच. श्वासाचा सराव तो हसत-खेळत असताना, शंभरदा करून घ्यायचा असतो. मग कधीतरी तो वेळेला उपयोगी पडतो. तेवढा वेळ वेळापत्रकात कुठे आहे, हे स्लाइडवर नसतं.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो ज्याला राग आलेलाच नसतो अशा मुलावर. स्वमग्न मूल घ्या. पत्र्याचं छप्पर, त्यावर पाऊस, जेवणाच्या ताटल्यांचा खणखणाट, त्यात घंटा. ते कान दाबून ओरडतं, हात झटकतं, अडवणाऱ्याला चावतं. त्याला उजेड आणि आवाज कमी हवा असतो, माणसं कमी हवी असतात. आम्ही माणसं वाढवतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजलेत, स्वमग्नता त्यात आहे, अध्ययन अक्षमता आहे. स्टाफरूमच्या यादीत प्रकार दोनच: वांड आणि येडं. विशेष शिक्षक आमच्याकडे फिरतीवर येतात, कंत्राटी, बऱ्याच शाळा मिळून एक. ते येतात त्या दिवशी मूल शांत असतं. संकट काही वेळापत्रक बघून येत नाही.

कधीकधी धरावंच लागतं. मूल स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत असेल, दुसऱ्याचा गळा धरला असेल, तर हात न लावणं ही क्रूरता होईल. पण कुणी धरायचं, कसं, किती वेळ, याचा एका ओळीचाही नियम मी कुठल्या शाळेच्या भिंतीवर पाहिलेला नाही. मग धरणारा ठरतो तो ज्याचे दंड मोठे. पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवला तर मुलाचा श्वास अडकू शकतो, हे त्या दंडवाल्यांना ठाऊक नसतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ साली शाळांत मुलांना दाबून धरण्याच्या आणि कोंडण्याच्या प्रकारांवर अहवाल दिला, त्यात मुलं दगावल्याची प्रकरणं आहेत. तिथे निदान मोजदाद झाली. आपल्याकडे मुलाला प्रयोगशाळेत कोंडून बाहेरून कडी घालतात आणि त्याला ‘जरा एकटं बसू दे’ म्हणतात. मुलींच्या बाबतीत उलट टोक. ‘हात लावला तर पोक्सो लागेल’ म्हणत सर दहा पावलं मागे, आणि बाई दुसऱ्या मजल्यावर तासाला.

त्या मुलींचं संकट पुष्कळदा आवाजच करत नाही. नववी-दहावीची मुलगी स्वच्छतागृहात स्वतःला कोंडून घेते, उघडत नाही, आतून फक्त हुंदके. बाहेर जमलेल्यांचं निदान तयार असतं, ‘नाटकं आहेत.’ कुणीतरी दारावर थापा मारतं, कुणी तिच्या आईला फोन लावून मोठ्याने ‘काय थेरं करतेय बघा’ सांगतं, जे आत ऐकू जातं. दाराबाहेर एकीनेच बसायला हवं, बाकीच्यांनी निघून जायला हवं, आणि तिला सरळ विचारायला हवं: स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय का? हा प्रश्न विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं ही समजूत खोटी आहे. न विचारल्याने मात्र तिला एकटीलाच ते वागवावं लागतं. आणि तिला नंतर एकटं सोडायचं नसतं, दप्तर घेऊन घरी पाठवून तर मुळीच द्यायचं नसतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. आमच्या शाळेत तो सूचनाफलकावर आहे. काचेच्या आत, कुलपात, शिष्यवृत्तीच्या जुन्या परिपत्रकाखाली.

महागड्या शाळांना वाटेल, हे अनुदानितवाल्यांचं रडगाणं. तुमच्याकडे काउन्सेलर आहे, मला माहीत आहे. प्रवेशाच्या हंगामात ती पालकांना शाळा फिरवून दाखवते, बाकीच्या वेळी शाळेच्या इन्स्टाग्रामवर मानसिक आरोग्य दिनाचे फुगे टाकते. आणि मुलाने दोनदा बेंच आपटला की पालकांना गोड आवाजात सांगितलं जातं, ‘आमचं वातावरण त्याला सूट होत नाहीये.’ कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून काढत नाहीत. पालक ‘स्वेच्छेने’ दाखला नेतात. तो दाखला शेवटी येतो आमच्याकडे. आम्हालाही तो सूट होत नसतो, पण आम्ही ते इंग्रजीत सांगू शकत नाही.

२५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी. आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या दोघांनाही, वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचं प्रशिक्षण. न शिकवणाऱ्या! ज्याने कुणी हा शब्द त्यात घातला त्याला शाळा कळते. गेटवरचा मामा, खिचडी करणाऱ्या मावशी, रिक्षाकाका, यांना पोराचा चेहरा आमच्या आधी दिसतो. आमच्या शाळेचा पट शंभराच्या कितीतरी वर आहे. समुपदेशक म्हणून आमच्याकडे एका कलाशिक्षकांचं नाव कागदावर लागलंय, कारण त्यांचे तास कमी भरत होते. ते भले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पाठवलेल्या मुलांना ते चित्र काढायला देतात, आणि खरं सांगायचं तर शाळेत झालेल्या उपायांपैकी तो त्यातल्या त्यात बरा.

काचेच्या प्रकरणानंतर मी मुख्याध्यापकांना अर्धं पान अर्ज दिला. पैसे लागतील असं त्यात जवळपास काही नव्हतं. असा प्रसंग आला तर वर्ग कुणी बाहेर न्यायचा, मैदानात की ग्रंथालयात, हे प्रत्येक मजल्याला ठरवून ठेवावं. मुलाजवळ एकच माणूस थांबेल, त्याला तो ओळखत असेल असा, आणि हुद्द्याने मोठा माणूस आला म्हणून तो बदलला जाणार नाही. बाकीच्यांनी दिसणार नाही इतकं लांब, पण हाकेच्या अंतरावर राहावं. पालकांना त्याच दिवशी ऑफिसात बोलावू नये; बोलावलं तर आधी पाणी द्यावं, खुर्ची द्यावी. घटना लिहून ठेवताना ‘आधी काय झालं होतं’ हा रकाना असावा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवावी. अर्जातला एवढाच खर्च, हार्डवेअरच्या दुकानात विचारून आकडाही लिहिला होता. आणि शिक्षणसेवक बाईंचं पत्र मागे घेऊन त्यांनाच पुढच्या शिक्षण परिषदेत हे करून दाखवायला सांगावं, कारण आमच्यात ते येणाऱ्या त्या एकट्याच.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शाळांत कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. त्या कारणासाठी ते योग्यच होते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. आमच्याकडेही बसले. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर मोठा पडदा आहे, व्हरांडे त्यात स्पष्ट दिसतात. कॉलर धरून नेलेला मुलगाही दिसला असणार. माझा अर्ज पंधरवड्याने परत आला. वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा होता: ‘शाळेत सीसीटीव्ही कार्यान्वित असल्याने स्वतंत्र कार्यवाहीची आवश्यकता दिसून येत नाही.’